विठाबाईंचा फड आणि आपला रिकामा हंगाम
तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२). स्वतःचा फड, राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान. तरी शेवटचं दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भरलं. कला कमी पडली का? मुळीच नाही! धंद्याचं गणितच अवघड. यात्रेच्या सुपाऱ्या पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत ठरतात, पण कलाकारांना उचल हंगामाआधीच द्यावी लागते, बरेचदा कर्ज काढून. पावसाळ्यात तंबू बंद, व्याज मात्र चालूच.

नागपुरातल्या बँड, मंडप, कॅटरिंगवाल्या भावांनो, तुमचंही असंच ना? लग्नसराईत गल्ला भरलेला, चातुर्मासात रिकामा. मग आज वहीत मांडा: त्या चार महिन्यांचं भाडं, पगार, हप्ते किती? त्याला लग्नाच्या बुकिंगच्या संख्येनं भागा. प्रत्येक ॲडव्हान्समधून तेवढे पैसे आधी वेगळ्या खात्यात टाका, मग डिझेल भरा.