दोन स्टारवाल्या भाच्यास

चि. अथर्व यास,


परीक्षा संपल्यापासून तुझा सिनेमांचा सपाटा चाललाय आणि मध्यरात्रीनंतर मला निकाल कळतायत. ‘कोर्ट : स्लो. दोन स्टार.’ ‘फँड्री : भारी, पण शेवट अर्धवट.’ ‘सैराट : पहिला हाफ कडक, दुसरा बोअर.’ मावशीला आवर्जून कळवतोस याचं मला कौतुक आहे. तुझ्या मतांनाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती घाईला. पाट्या वर सरकतायत तोवर तू स्टार देऊन मोकळा!

‘कोर्ट’ संथ आहे, मान्य. पण नेमका कुठे कंटाळलास? बिनबाह्यांचा टॉप घालून आली म्हणून न्यायाधीश एका बाईचं प्रकरण पुढे ढकलतात, तिथे? की मेलेल्या सफाई कामगाराची बायको साक्ष देते तिथे? नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकून बघायचा, झुरळं निघाली तर आत हवा आहे असं समजून उतरायचा. हे ती अगदी सपाट आवाजात सांगते. ना रडणं, ना पार्श्वसंगीत. या दोन्ही ठिकाणी चैतन्य ताम्हाणे कॅमेरा लांबच ठेवतो. तुला त्या लांबपणाचा कंटाळा आला असेल तर तेच लिही. ते मत झालं. नुसतं ‘स्लो’ तर एस.टी.लाही म्हणता येतं.

आणि एक शंका. रिकाम्या कोर्टातले दिवे मालवतात, पडदा काळा होतो, तिथेच तू लॅपटॉप मिटलास ना? त्यानंतर न्यायाधीश महाशय सहलीला जातात, दुपारी बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून झोपमोड करतात आणि त्यातल्या एकाला थप्पड बसते. तुझ्या निरोपात त्याबद्दल अवाक्षर नाही. तो शेवट बघ. मग दोनाचा एक स्टार केलास तरी चालेल.

तुझ्या आईने हाच सिनेमा पाहिला तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘त्या वकीलबाईला घरी गेल्यावरही सुट्टी नाहीच.’ सरकारी वकील लोकलने घरी येते, स्वयंपाक करते, टीव्हीपुढे बसलेल्यांना वाढते, ते तिने टिपलं होतं. आईला पटकथा, छायाचित्रण असले शब्द लागले नाहीत. तुलाही ते लागू नयेत. ‘सिनेमॅटोग्राफी अप्रतिम’ असं एखाद्याने लिहिलं की मी खुशाल समजते, बाकी काही आठवत नसणार.

‘फँड्री’चा शेवट तुला अर्धवट वाटला. काळ्या चिमणीचं पुढे काय झालं हेही विचारलंयस. ती तक्रार मला आवडली, कारण ती तुझी स्वतःची आहे. पण त्या शेवटाकडे जरा मागून चालत ये. डुकराच्या मागे अख्खं माने कुटुंब धावतंय, गावातली पोरं बघत बसून खिदळतायत. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि ही माणसं जागच्या जागी उभी राहतात. डुक्कर निसटतं. तिथे तू हसलास का? मी पाहिला तेव्हा थिएटरात बरेच जण हसले होते. मग डुकराला बांधून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा दिसतात आणि हसू आटतं. मान्यांचा पोरगा जब्या शेवटी दगड भिरकावतो तो थेट पडद्याबाहेर. आपण हसलो होतो की नाही, त्यावर तो दगड कुणाला लागला हे ठरतं. नागराज मंजुळेंनी चिमणीचा हिशेब का पूर्ण केला नाही, यावर आपण भांडू. मात्र तू कुठे हसलास, कुठे अवघडलास, हे आधी कळव. त्याशिवाय तुझं ‘भारी’ माझ्या काही उपयोगाचं नाही.

‘सैराट’बद्दल थोडंच. गाणी संपल्यावर मजा गेली असं म्हणतोस. बुलेट चालवणारी आर्ची हैदराबादच्या झोपडपट्टीतल्या खोलीत घराच्या आठवणीने रडते, तिथे ‘झिंगाट’ वाजवणार कसं? पण दुसरा भाग लांबलाय, हे माझंही मत आहे.

हो, ते एक वाक्य तेवढं पुन्हा लिहू नकोस : ‘कोर्टला सुवर्णकमळ मिळालंय, म्हणजे मलाच कळला नसणार.’ परीक्षक त्यांच्या ठिकाणी थोर. तू पैसे आणि दोन तास मोजलेस, तुझा कंटाळा खरा आहे. नाही आवडला तर नाही आवडला म्हण. फक्त ‘मला आवडला नाही’ आणि ‘सिनेमा वाईट आहे’ यांची गल्लत करू नकोस. पहिलं म्हणायला तुझा अनुभव पुरतो, दुसऱ्यासाठी पुरावा लागतो. आणि मित्रांच्या ग्रुपवर पडलेलं मत उचलून मला पाठवलंस तर लगेच ओळखेन. तुझ्या निरोपात शुद्धलेखनाच्या चुका असतात, त्यात नसतात.

आता रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’ बघ. त्याला २०२५ साली सनडान्स चित्रपट महोत्सवात मोठं पारितोषिक मिळालं, पण त्याने दबून जाऊ नकोस. रात्री काही पाठवू नकोस. सकाळी चहा झाल्यावर जे डोक्यात उरलं असेल तेवढंच लिही, चार ओळी पुरेत. स्टार नकोत.

आईला सांग, पापड पोचले, दोन फुटले आहेत.

तुझी,
मावशी