माणसाच्या गरजा आणि पडद्यावरची माणसे

विद्यार्थी मित्रांनो, चित्रपट पाहून आल्यावर आपण बहुधा एवढेच बोलतो : नायक चांगला होता, खलनायक वाईट होता. पण तो माणूस तसा का वागला, हे आपण क्वचितच विचारतो. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मानसशास्त्र मदत करते.

'गरज' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत त्याचा अर्थ हेतू किंवा स्वार्थ असा होतो. मराठीत मात्र गरज म्हणजे जरुरी. म्हणून उर्दूतला 'खुदगर्ज' माणूस स्वार्थी असतो, तर मराठीतल्या 'गरजू' माणसाला मदत हवी असते.

अब्राहम मॅस्लो (१९०८-१९७०) हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ होते. माणसाच्या गरजांना क्रम असतो, असे त्यांनी १९४३ साली एका लेखात मांडले. हा क्रम आपण पाच पायऱ्यांच्या शिडीसारखा समजू या. पहिली पायरी शरीराच्या गरजांची : अन्न, पाणी, झोप. दुसरी सुरक्षिततेची. तिसरी प्रेमाची व आपलेपणाची. चौथी मानसन्मानाची. पाचवी आत्माविष्काराची, म्हणजे आपल्या अंगचे गुण पूर्णपणे फुलवण्याची. खालची गरज बऱ्याच अंशी भागली, की वरची गरज जाणवू लागते.

आता ही शिडी घेऊन दोन चित्रपट पाहू या.

बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' १९५३ साली आला. त्यातील शंभू हा गरीब शेतकरी. ही भूमिका बलराज साहनी यांनी केली. जमीनदाराचे कर्ज फेडले नाही, तर शंभूची जमीन लिलावात जाणार असते. जमीन ही त्याची रोजी आहे, सुरक्षितता आहे आणि अब्रूही आहे. ती वाचवण्यासाठी तो कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. मुलगा कन्हैया बूटपॉलिश करतो. पुढे अडचणी वाढतात आणि कन्हैया चोरीचा पैसा आणतो. त्या वेळी शंभूला पैशाची अत्यंत गरज असते. तरीही तो रागावतो, मुलाला मारतो. येथे शिडीचा क्रम उलटा झाला : भाकरीपेक्षा इमान मोठे ठरले. हा क्रम सर्वांच्या बाबतीत पक्का नसतो, हे मॅस्लो यांनीही सांगितले होते.

दुसरा चित्रपट नागेश कुकुनूर यांचा 'इकबाल' (२००५). इकबाल हा खेड्यातला मुलगा. त्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्याला वेगवान गोलंदाज व्हायचे आहे. ही पाचव्या पायरीची ओढ आहे. वडिलांना मात्र क्रिकेट म्हणजे वेळेची नासाडी वाटते. मुलाने शेतीत हात द्यावा, असे त्यांना वाटते. मग वडील खलनायक आहेत का? नाही. त्यांना घराच्या पोटाची आणि उद्याची काळजी आहे. बाप दुसऱ्या पायरीवरून बोलतो, मुलगा पाचव्या पायरीकडे पाहतो. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत. बहीण खदिजा भावावर विश्वास ठेवते आणि त्याला मदत करते. तिच्यामुळे त्याची तिसरी पायरी भक्कम राहते.

मित्रांनो, गरज समजली म्हणजे प्रत्येक वागणे योग्य ठरते, असे नाही. कन्हैयाची अडचण खरी होती, तरी चोरी ही चोरीच. पण कारण समजले, तर आपण माणसाला लगेच वाईट ठरवत नाही. घरात अब्बा पुढच्या शिक्षणाला 'नको' म्हणाले, तर रुसण्यापूर्वी विचार करा : ते कोणत्या पायरीवरून बोलत आहेत? मग आपली गरजही त्यांना शांतपणे समजावून सांगा.

स्वाध्याय
१. मॅस्लो यांनी सांगितलेल्या पाच गरजा क्रमाने लिहा.
२. शंभू मुलावर का रागावला?
३. इकबाल आणि त्याचे वडील यांच्या गरजांतील फरक स्पष्ट करा.
४. तुम्ही पाहिलेल्या एका चित्रपटातील पात्राची मुख्य गरज कोणती, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.