व्यायाम आवडत नाही? आधी आवड शोधा, व्यायाम मागून येईल

‘उद्यापासून नक्की!’ हे वाक्य तुम्ही आजवर किती वेळा म्हटले आहे? पहाटेचा गजर लावला, नवे बूट आणले, कदाचित जिमचे वर्षभराचे पैसेही भरले. पहिले चार दिवस उत्साह होता. पाचव्या दिवशी पाऊस आला, सहाव्या दिवशी पाहुणे आले आणि सातव्या दिवशी कारणाचीही गरज उरली नाही. मग मनाने निकाल देऊन टाकला, ‘मी आळशी आहे. व्यायाम हा माझा प्रांत नाही.’

हा निकाल घाईचा आहे. जिममध्ये ज्याला दहा मिनिटे जड जातात, तोच माणूस मित्राच्या वरातीत तासभर नाचतो. ‘चालायला वेळ नाही’ म्हणणारी ताई लग्नाच्या खरेदीसाठी दिवसभर बाजार पालथा घालते. म्हणजे शरीराला हालचालीचे वावडे नाही. नावड आहे ती ज्या पद्धतीने व्यायाम आपल्यासमोर आला, त्या पद्धतीची. या लेखात आपण एवढेच शिकणार आहोत, की आपली नावड ओळखायची कशी आणि आवडीला हाताशी धरून शरीर हलते कसे ठेवायचे.

नावड नेमकी कशाची?

थोडे मागे जा. व्यायामाची तुमची सर्वात जुनी आठवण कोणती? माझी शाळेतली आहे. वर्गात बोलले म्हणून मैदानाला पाच फेऱ्या. मी नेहमी सर्वात शेवटी पोहोचायचे आणि तोवर बाकीच्या मुली सावलीत बसून माझ्याकडे बघत हसत असायच्या. त्या दिवसापासून माझ्या मनात धावणे म्हणजे शिक्षा, असे समीकरण बसले. पुढे कॉलेजात गेल्यावर मी जिमचे पैसे भरले आणि मोजून अकरा दिवस गेले. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असूनही हा खर्च बुडीत खाती टाकायला मला वर्ष लागले!

तुमचे कारण वेगळे असेल. एक कागद घ्या आणि पुढीलपैकी कोणते कारण तुमचे आहे ते प्रामाणिकपणे लिहा :

• दम लागतो, त्रास होतो, म्हणून नको वाटते.
• लोक बघतील, हसतील, याचा संकोच वाटतो.
• तेच तेच करण्याचा कंटाळा येतो.
• एकट्याने करायला आवडत नाही.
• त्यातून लगेच काही मिळताना दिसत नाही.

दुखणे कोणते हे कळले, की औषध शोधणे सोपे जाते. ज्याला एकटेपणाचा कंटाळा आहे, त्याला महागडी ट्रेडमिल उपयोगाची नाही. त्याला सोबती हवा. ज्याला संकोच आहे, त्याने गजबजलेल्या बागेऐवजी घराच्या गच्चीपासून सुरुवात करावी.

पहिले सूत्र : श्वास सांगेल ती गती

बहुतेकांची पहिली चूक म्हणजे पहिल्याच दिवशी जोर लावणे. एका मर्यादेपर्यंत शरीराची हालचाल सुखाची वाटते. ती मर्यादा ओलांडली, की श्वास अपुरा पडतो आणि मन ‘थांब, थांब’ म्हणू लागते. सवय नसलेल्या माणसाची ही मर्यादा लवकर येते. त्यामुळे मित्राला जी गती सहज वाटते, तीच तुम्हाला छळ वाटू शकते. यात कमीपणा नाही.

गती मोजायला यंत्र नको, तुमचा आवाज पुरेसा आहे. चालताना गाणे म्हणता येत असेल, तर गती हलकी आहे. गाणे म्हणता येत नाही, पण गप्पा मारता येतात, तर ती मध्यम गती. एकेक शब्द तोडून बोलावा लागत असेल, तर गती जोराची. पहिले काही आठवडे गाणे म्हणता येईल इतक्याच गतीने चाला. मग हळूहळू गप्पांच्या गतीवर या. पतंजलींनी आसन सांगताना स्थैर्यासोबत सुखाचीही अट घातली आहे, हे आपण साधनेत शिकतोच. तीच अट चालण्यालाही लावून पाहा.

दुसरे सूत्र : आवड कुठे लपली आहे ते पाहा

आवडीच्या चार वाटा येथे देत आहे. यातील एक तरी तुमच्या घरावरून नक्की जात असेल.

१. ताल आणि सूर. आम्ही बडोद्यात राहतो. येथे नवरात्रात नऊ रात्री गरबा रंगतो. मोठ्या मैदानात शेकडो जण गोल धरतात, बरेच जण अनवाणी असतात. सुरुवात संथ असते, मग ढोलाबरोबर गती वाढत जाते. शाळेत पाच फेऱ्यांना रडणारी मी येथे दोन-तीन तास गोल फिरते आणि थांबायची वेळ आली की वाईट वाटते! पाय तेच, फेऱ्याही त्याच. फक्त शिक्षेच्या जागी ताल आला. २०२३ मध्ये युनेस्कोने गरब्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्या मंगळागौरीचे खेळ, झिम्मा, फुगडी, लेझीम हीसुद्धा याच जातीची. घरात दार लावून दोन गाण्यांवर नाचलात, तरी तो व्यायामच आहे.

२. सोबत. आषाढीची वारी आठवा. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे दोन-अडीच आठवडे दिंडीबरोबर चालत जातात. त्यातल्या कितीतरी जणांना कोणी ‘रोज व्यायाम करा’ म्हटले असते, तर त्यांनी हात जोडले असते. पण टाळ-मृदंग, नामाचा गजर, वाटेतली फुगडी आणि शेजारी चालणारा ‘माऊली’ यांमुळे चालणे हे कष्ट राहत नाही. मुंबईत १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी बागेत अवघ्या पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. आज असे क्लब अनेक देशांत चालतात. तेथे सकाळी लवकर उठून येणारी माणसे व्यायामाइतकीच एकमेकांसाठी येतात.

३. काम आणि कारण. काहींना ‘नुसते’ चालणे पटतच नाही. त्यांना पोहोचायला ठिकाण हवे. मंदिर, वाचनालय, भाजीबाजार, सेवेचे केंद्र, नातवाची शाळा. बागकाम, अंगण झाडणे, सायकलने दूध आणणे ही कामेही शरीराच्या खात्यात जमा होतात.

४. खेळ. बॅडमिंटन, पोहणे, लगोरी, मुलांबरोबर पकडापकडी. खेळताना आपण गुण मोजतो, मिनिटे मोजत नाही. म्हणून वेळ कसा गेला ते कळत नाही.

तिसरे सूत्र : आवडीची जोड आणि सोपा शेवट

अमेरिकेतील कॅथरिन मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना उत्कंठावर्धक कादंबऱ्यांची ध्वनिमुद्रणे दिली, पण ती ऐकायची फक्त जिममध्ये. पुढे काय झाले हे कळण्याच्या ओढीने ही मंडळी सुरुवातीच्या काळात इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा जिममध्ये गेली. मात्र सुट्ट्या आल्या आणि तो परिणाम ओसरला. यातून आपल्याला दोन धडे मिळतात. एक, आवडती गोष्ट व्यायामाला बांधा : एखादी मालिका, प्रवचन किंवा मैत्रिणीचा फोन फक्त चालतानाच. दोन, सुट्टीनंतर गाडी पुन्हा रुळावर आणावीच लागते. खंड पडणे हे अपयश नाही, ते ठरलेलेच आहे. त्यामुळे ‘खंड पडल्यावर कोणत्या दिवशी पुन्हा सुरू करायचे’ हेही आधीच लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी दाखवून दिले, की एखाद्या अनुभवातला सर्वात तीव्र क्षण आणि त्याचा शेवट, हेच मन प्रामुख्याने लक्षात ठेवते. म्हणून व्यायामाचा जोराचा भाग मध्ये ठेवा आणि शेवटची पाच मिनिटे अगदी हलकी. संथ चाला, अंग सैल सोडा, दोन मिनिटे डोळे मिटून बसा. आज गोड आठवण घेऊन उठलात, तर उद्या पाय आपोआप दाराकडे वळतील.

बाबांची गोष्ट

हे सारे मी माझ्या बाबांसाठी शोधायला लागले. त्यांना मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. बाबांचे उत्तर ठरलेले, ‘मी काय रिकामटेकडा आहे, उगाच चकरा मारायला?’ आई रागावली, मी चिडले, काही उपयोग झाला नाही. माझ्या आजोबांनाही मधुमेह होता. शेवटची काही वर्षे त्यांना दुसऱ्याचा हात धरल्याशिवाय उठता येत नव्हते. ते बाबांनी जवळून पाहिले होते, तरी पाऊल उचलत नव्हते. धाक दाखवून कोणी चालत नाही, हे मला तेव्हा कळले.

मग एके दिवशी लक्षात आले, की बाबांना भाजी निवडून घेण्याची भारी हौस. आई म्हणाली, ‘अहो, दारावर येणारी मेथी जून असते. तुम्हीच खंडेराव मार्केटमधून आणत जा ना.’ बाबा स्कूटरची किल्ली शोधू लागले, तेव्हा मी म्हणाले, ‘बाबा, मीपण येते. चालतच जाऊ, तेवढ्याच गप्पा होतील.’ त्या सकाळी आम्ही पहिल्यांदा चालत गेलो. आता ते आठवड्यातून पाच दिवस जातात, मी नसले तरीही. रात्री जेवणानंतर आम्ही तिघे शतपावली करतो. चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात. त्यामुळे जेवणानंतरचे थोडे चालणे जेवणाने वाढणारी साखर आवरायला मदत करते. आपल्या पूर्वजांची ही सवय म्हणूनच सोडू नये.

चमत्कार झाला, असे मी सांगणार नाही. बाबांची गोळी चालू आहे. पण मागच्या महिन्यात ते तीन मजले न थांबता चढले आणि वर पोहोचल्यावर त्यांनी स्वतःच मागे वळून खाली पाहिले. त्यांना ‘व्यायाम करता का?’ असे कोणी विचारले, तर ते आजही ‘छे!’ म्हणतात.

किती पुरेसे आहे?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराची हालचाल सुचवते. सोबत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा. मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशोबात धरत नसत. २०२० मध्ये ती अट गेली. म्हणजे पाच मिनिटांचा जिनासुद्धा जमेच्या बाजूला लिहायचा! १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, अर्धा अर्धा तास. तोही तुकड्यांत चालेल.

स्नायूंच्या बळासाठी काही सूर्यनमस्कार, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे किंवा भिंतीला हात टेकून जोर, एवढ्याने सुरुवात करता येते. हा भाग आवडत्या गाण्याला जोडा.

हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी असेल किंवा गर्भावस्था असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. हालचाल करताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, तर लगेच थांबा आणि मदत घ्या. अशा वेळी ‘इच्छाशक्ती’ दाखवायची नसते.

मन नाहीच म्हणाले तर?

असे दिवस येतील. आवडही रोज सारखी नसते. त्या दिवशी स्वतःशी फक्त पाच मिनिटांचा करार करा. चपला घाला आणि कोपऱ्यापर्यंत जा. पाच मिनिटांनंतर परतावेसे वाटले, तर खुशाल परता. बहुतेक वेळा पाय पुढेच जातात. नाही गेले, तरी सवयीचा धागा तुटला नाही, हे त्या दिवसाचे यश.

या आठवड्याचा स्वाध्याय

• पहिला दिवस : आपल्या नावडीचे कारण एका ओळीत लिहा.
• दुसरा दिवस : लहानपणी कोणता खेळ किंवा कोणती हालचाल आवडत होती, ते आठवा व घरच्यांना सांगा.
• तिसरा ते सहावा दिवस : वरच्या चार वाटांपैकी रोज एक वाट दहा मिनिटे करून पाहा. वजन, पावले काही मोजू नका. संपल्यावर फक्त एवढे लिहा, ‘उद्या पुन्हा करावेसे वाटते का? हो की नाही?’
• सातवा दिवस : ज्या वाटेला ‘हो’ लिहिले, ती पुढच्या महिन्यासाठी निवडा. सोबतीला कोण आणि वेळ कोणती, हे ठरवा.

आणि घरात कोणी चालायला नको म्हणत असेल, तर त्यांना उपदेश करू नका. त्यांना काय आवडते ते आधी विचारा आणि पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर स्वतः चपला घाला.