खिडकीपाशी पांढरा, दिव्याखाली पिवळसर

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १२७.०१ कॅरटचा ‘पोर्तुगीज’ हिरा आहे. १९२८ मध्ये अमेरिकी अभिनेत्री पेगी हॉपकिन्स जॉइस हिने साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा हार देऊन तो मिळवला. पुढे रत्नव्यापारी हॅरी विन्स्टनमार्फत १९६३ मध्ये तो संग्रहालयात आला. हा हिरा मुळात किंचित पिवळसर आहे, पण बघणाऱ्याला तसा भासत नाही. अतिनील किरणांत तो जोरदार निळा उजळतो (याला फ्लोरोसन्स म्हणतात) आणि साध्या दिवसाच्या प्रकाशातही त्यावर निळसर झाक राहते. पिवळ्यावर निळा पडला की पिवळा मावळतो, इतकं साधं कारण.

नेमका हाच प्रकार मुंबईतल्या एका पेढीवर प्रस्तुत लेखिकेसमोर घडला. भाचीच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी दोन हिरे काढले होते. दोन्ही ‘के’ रंगाचे, म्हणजे किंचित पिवळसर; वजन आणि कट जवळपास सारखे. दुकानातल्या एलईडी दिव्यांखाली दोघांनाही साजूक तुपासारखी हलकी झाक होती. विक्रेत्याने त्यातला एक चिमट्यात धरून खिडकीपाशी नेला आणि पिवळेपणा बघता बघता उतरला. “बघा ना ताई, डोळ्यांना एचच दिसतोय,” असं म्हणत त्याने भावही ‘के’हून पांढऱ्या ‘एच’च्या हिशेबाने सांगितला. सर्टिफिकेटवर मात्र रंग ‘के’ होता आणि फ्लोरोसन्सच्या रकान्यात ‘स्ट्राँग ब्लू’ छापलेलं होतं. खरेदी तिथे झाली नाही.

हिरा चांगलाच होता. खटकला तो भाव, आणि खिडकीतला रंग हाच त्याचा कायमचा रंग म्हणून सांगणं.

पिवळसर हिऱ्यांत बहुधा नायट्रोजन असतो. स्फटिकात कार्बनची एक जागा रिकामी राहून तिच्याभोवती नायट्रोजनचे तीन अणू बसले की ती रचना जांभळ्या टोकाकडचा थोडा प्रकाश शोषते आणि हिऱ्याला पिवळी छटा द्यायला हातभार लावते. अतिनील किरण पडले की तीच रचना निळा प्रकाश बाहेर टाकते. म्हणजे रोग आणि उतारा एकाच घरचे! पण उतारा चालतो तो अतिनील किरण मिळतील तेवढाच वेळ. सूर्यप्रकाशात ते भरपूर असतात. घरातल्या आणि हॉलमधल्या बहुतेक पांढऱ्या एलईडी दिव्यांत ते जवळजवळ नसतात. संध्याकाळच्या स्वागत समारंभात ‘के’ हा ‘के’च दिसणार.

जीआयए ही रत्नपरीक्षण संस्था रंगाची प्रत रंगहीन डी ते पिवळसर झेड अशी लावते. रंग ठरवताना हिरा पालथा ठेवून बाजूने बघतात, कारण माथ्याकडून झगमगाट डोळ्यांना फसवतो. अंगठी घालणारी मात्र त्याच्याकडे माथ्याकडूनच बघते. या संस्थेच्या ‘जेम्स अँड जेमॉलॉजी’ नियतकालिकात १९९७ मध्ये फ्लोरोसन्सने हिरा वेगळा दिसतो का, या प्रश्नावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जोरदार निळा फ्लोरोसन्स असलेले हिरे माथ्याकडून बघताना सरासरीने उजळ वाटले, पालथे ठेवल्यावर असा कल दिसला नाही, आणि व्यापाराबाहेरच्या सामान्य माणसांना तर पद्धतशीर फरक जाणवलाच नाही.

तरीही बाजारात फ्लोरोसन्स म्हटलं की नाक मुरडण्याची सवय आहे. डी-ई-एफ अशा रंगहीन हिऱ्यांच्या भावात त्यापायी कपात होते. ‘आय’च्या खालच्या, उबदार रंगाच्या हिऱ्यांना तीच कपात लावणं प्रस्तुत लेखिकेला अन्यायाचं वाटतं, कारण तिथे तो गुण ठरतो. ‘के’ला ‘के’चा भाव देऊन मिळणारा निळा फ्लोरोसन्स जरूर घ्यावा. त्यापायी ‘एच’चा भाव मात्र देऊ नये.

खरी भीती धूसरपणाची आहे. काही थोड्या हिऱ्यांत अतिशय तीव्र फ्लोरोसन्सबरोबर दुधाळ किंवा तेलकट धुकं दिसतं. दक्षिण आफ्रिकेतल्या ज्या प्रीमियर खाणीत १९०५ साली कलिनन हिरा सापडला, तिच्या नावावरून अशा पिवळसर आणि तेलकट झाकेच्या हिऱ्यांना व्यापारात ‘प्रीमियर’ म्हणत आले आहेत. हा दोष कागदावरून कळेलच असं नाही. हिरा उन्हात न्यावा, पुसून घ्यावा आणि आतले पैलू काचेसारखे स्वच्छ दिसतात का ते पाहावं. उन्हात धुकं दिसलं तर भाव कितीही कमी असो, परत द्यावा.

फ्लोरोसन्सचा रंगही विचारावा. बहुतेक वेळा तो निळाच असतो, पण क्वचित पिवळा निघतो आणि मग आधीच पिवळसर असलेला हिरा उन्हात आणखी पिवळा पडतो. जीआयएच्या सर्टिफिकेटवर ‘मीडियम’पासून पुढे रंग लिहिलेला असतो, ‘फेंट’ला नसतो. ३६५ नॅनोमीटरची छोटी यूव्ही बॅटरी अंधारात धरली की उत्तर लगेच समोर येतं. डोळ्यांत मात्र ती मारू नये.

हिरा बघायला दिवसाउजेडी जावं आणि तीन ठिकाणी बघावा: दुकानाच्या दिव्यांखाली, खिडकीपाशी सावलीत, आणि खिडकीपासून दूर साध्या घरगुती बल्बखाली. प्रत्येक वेळी हिरा पांढऱ्या कागदावर ठेवावा. नुसता खिडकीपाशी आग्रहाने नेणारा विक्रेता असेल तर आपणच त्याला आत चला म्हणावं.

कानातल्यांच्या बाबतीत तर जास्तच जपावं लागतं. दोन्ही हिरे ‘के’, पण एकात ‘स्ट्राँग ब्लू’ आणि दुसऱ्यात काहीच नाही, अशी जोडी दुकानात एकसारखी दिसते. भर दुपारी लग्नाच्या मांडवाबाहेर मात्र एक कान पांढरा आणि दुसरा पिवळसर दिसतो. जोडीसाठी सर्टिफिकेटवरचे फ्लोरोसन्सचे रकाने शेजारी ठेवून वाचावेत आणि ते जुळत नसतील तर जोडी बदलून मागावी. जुन्या कुड्यांतला एखादा खडा पडून नवा बसवायचा असेल तेव्हाही सोनाराला नुसता रंग सांगून भागत नाही. उरलेले खडे यूव्ही बॅटरीखाली कसे उजळतात ते दाखवून तसाच खडा शोधायला सांगावं.