बँकेचा हात कधी सैल, कधी आखडता



मागच्या महिन्यात मौद्याच्या मीटिंगमध्ये एका ताईंनी विचारलं, "आधी फायनान्सवाले घरी येऊन लोन घ्या, लोन घ्या म्हणत होते. आता मीच फॉर्म भरला तर नाही म्हणाले. माझी तर एकही किस्त थकली नाही. मग माझं काय चुकलं?"

काहीच चुकलं नाही. पाऊस चांगला झाला, धानाला-मिरचीला भाव मिळाला, हाताला काम असलं की किस्ती वेळेवर येतात. देणाऱ्याला वाटतं पैसा सुरक्षित आहे. मग एकाच घरी तीन-तीन, चार-चार कर्जं जातात. पुढे कुठंतरी किस्ती थकतात. थकलेल्या कर्जापोटी बँकेला आपल्या नफ्यातून रक्कम बाजूला काढावी लागते, म्हणून नवीन कर्ज देताना ती हात आखडते. मग नियमित भरणाऱ्या बाईलाही "नाही" ऐकावं लागतं.

आपल्या विदर्भात नोव्हेंबर 2016 च्या नोटबंदीनंतर हेच झालं. मजुरी अडकली, किस्ती थकल्या. 2020 च्या कोरोनात मार्च ते ऑगस्ट किस्त पुढे ढकलता आली, पण व्याज सुरूच होतं, हे कितीतरी जणींना नंतर कळलं! 2024 मध्ये पुन्हा थकबाकी वाढली. तेव्हा मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या संघटनेनेच मर्यादा घातली. एका बाईला आधी जास्तीत जास्त चार कंपन्यांचं कर्ज चालायचं, 2025 पासून तीनच. त्या ताईंकडे तीन कंपन्यांची कर्जं आधीच होती. क्रेडिट रिपोर्टात ती दिसतात.

रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियमही लक्षात ठेवा. वर्षाला 3 लाखांपर्यंत कमाई असलेल्या घराच्या सगळ्या किस्ती मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. पण आपली कमाई दर महिन्याला सारखी कुठं असते? समजा, रोवणीच्या महिन्यात घरात 14,000 आले, तर 5,500 ची किस्त जमते. उन्हाळ्यात 8,000 च आले, तर खायला उरतात 2,500.

म्हणून कर्ज सहज मिळत असतं तेव्हाच हिशेब करायचा, आणि तो सगळ्यात कमी कमाईच्या महिन्यावर. बाहेरचं कर्ज आटतं तेव्हा गटाचं अंतर्गत कर्जच कामी येतं. त्यामुळे चुकारा आला की आधी गटाचं कर्ज फेडा, बचत थांबवू नका.

पुढच्या मीटिंगला घरातल्या सगळ्या कर्जांची पुस्तकं घेऊन या, नवऱ्याच्या नावाचीसुद्धा. सगळ्या किस्तींची बेरीज सोबत बसून करू.