भोर-वेल्ह्याच्या स्वयंपूर्णतेचा हिशेब

एखादे गाव आपल्या शिवारावर कितपत जगू शकेल, हे ठरविताना आपण प्रथम पर्जन्यमान पाहतो. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत मात्र ही कसोटी फसवी ठरते.

सह्याद्रीच्या माथ्याशी येथे मुसळधार पाऊस पडतो. पूर्वेकडे नसरापूरच्या बाजूस तो झपाट्याने कमी होतो. वेळवंडी नदीवरील भाटघर धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणकडे जाते, तर पानशेत-वरसगावचे पाणी पुणे शहरास मिळते. तरीही डोंगरउतारावरील अनेक वाड्यांना वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. धरण उशाला, कोरड घशाला! उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली काळा पाषाण. त्यामुळे भेगांत व मुरमात मुरेल तेवढेच पाणी गावाचे, बाकीचे खोऱ्याचे. म्हणून गावाची कुवत आषाढात नव्हे, तर वैशाखात मोजली पाहिजे.

पाणी : पाच माणसांच्या कुटुंबास माणशी ५५ लिटरप्रमाणे रोज २७५ लिटर, म्हणजे फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत ३३,००० लिटर पाणी लागते. ५० चौरस मीटर छपरावर १,००० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के पाणी धरले, तर ४०,००० लिटर मिळतात. पाणी आहे, उणीव साठवणीची आहे. एवढी मोठी टाकी परवडत नसल्यास, माणशी १० लिटरप्रमाणे केवळ पिण्या-रांधण्यापुरती ६,००० लिटरची टाकीही चार महिने पुरते.

धान्य : माणशी रोज ४०० ग्रॅम तांदूळ धरल्यास या कुटुंबास वर्षाला ७३० किलो तांदूळ, म्हणजे सुमारे ११ क्विंटल भात लागेल. हेक्टरी २५ क्विंटल उतारा गृहीत धरला, तर त्यासाठी सुमारे ४५ गुंठे खाचर हवे. वरकस जमिनीवरील नाचणी-वरी हा भार हलका करते.

रोकड : मीठ, कापड, औषधे आणि शिक्षण यांसाठी पैसा लागतोच. तो दुभती जनावरे, रब्बीचा वाल-हरभरा यांतून उभा राहिला नाही, तर घरातील तरुण पुण्या-मुंबईची वाट धरतात. चारा आणि रब्बीचा ओलावा हे दोन्ही पुन्हा पाण्याशीच येऊन मिळतात.

यावरून कामाचा क्रम ठरतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावच्या विहिरीची पाणीपातळी दिवाळी, होळी आणि अक्षय्य तृतीया या तीन वेळी मोजून शाळेच्या भिंतीवर लिहावी. ग्रामपंचायतीने पावसाळा सरताच ओढ्यांवर मातीच्या पोत्यांचे वनराई बंधारे घालावेत आणि उतारावर समपातळी चर खणावेत. पुढील वर्षी अक्षय्य तृतीयेची पातळी वर आली काय, हे तीच भिंत सांगेल. मात्र दोन्ही वर्षांचा पाऊसही शेजारी नोंदवावा. म्हणजे श्रेय आभाळाचे किती आणि गावाचे किती, हे ग्रामसभेस कळेल.

संपूर्ण स्वयंपूर्णता बहुधा कोणत्याच गावाला साधणार नाही. परंतु पाणी, धान्य आणि चारा वैशाखापर्यंत पुरला, तर गाव सोडून जाणे ही सक्ती उरणार नाही.