जुन्या पिकअपचा क्रॉस मेंबर : शोध आणि जुळवणी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वार्षिकांकात कविता येतात, प्रवासवर्णने येतात, थोरांची चरित्रे येतात. त्यांच्या रांगेत गॅरेजमधला तेलकट विषय घेऊन उभे राहताना थोडा संकोच वाटतो. पण आपल्या महाविद्यालयातल्या कितीतरी मुलांच्या घरची चूल एखाद्या जुन्या पिकअपवर नाहीतर ट्रॅक्टरवर पेटते. मी त्यांतलाच एक, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. गेल्या हिवाळ्यात हातांनी जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमचे गाव चांदूर बाजार तालुक्यात. आंबिया बहाराचा संत्रा उतरू लागला की बाबांच्या पिकअपला उसंत नसते. गाडी माझ्याहून वयाने मोठी. ऐन हंगामात क्लच सोडताना झटका बसू लागला, गिअरची दांडी हातात उडू लागली आणि एक दिवस चढावर तिसरा गिअर आपोआप सुटला. मिस्त्रीकाकांनी खाली शिरून पाहिले. गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर बोल्टाच्या भोकापाशी चिरला होता. बाबा म्हणाले, “साखळीनं बांधू अन् चालवू चार दिवस. संत्रा काही झाडावर वाट पायत नाही.” मिस्त्रीकाका म्हणाले, “साखळी तुटली त शाफ्ट खाली पडन, अन् गाडी त्याच्यावर चढन. मंग संत्राबी गेला अन् तुमीबी.” गाडी उभी राहिली. माझी परीक्षा तोंडावर होती, पण सामान शोधायला दुसरे कोणी नव्हते.

प्रथम हा भाग काय करतो ते सांगतो. पिकअपची चेसिस म्हणजे जमिनीवर आडवी ठेवलेली शिडी. दोन लांब चॅनेल, आणि त्यांना जोडणारे आडवे मेंबर. इंजिन पुढे दोन ठिकाणी टेकते आणि मागे गिअरबॉक्सचे शेपूट या एका आडव्या मेंबरवर टेकते. मध्ये रबर असते. त्याला गॅरेजमध्ये ‘फाउंडेशन’ म्हणतात. हे तीन पायांचे स्टूल झाले. तिसरा पाय खचला की साऱ्या यंत्राचा तोल जातो.

आमचा मेंबर का चिरला? दोष आमचाच. गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून तेल गळत होते. ‘थेंबभरच तर आहे’ म्हणून आम्ही सोडून दिले. तेलाने रबर फुगले, मऊ पडले, फाटले. मग लोखंडावर लोखंड आदळू लागले. त्यात चॅनेलमध्ये साचलेल्या चिखलाचा गंज आणि वर जादा माल. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पण संत्रा महामार्गावर पिकत नाही. मळ्यापासून डांबरी सडकेपर्यंतच्या खड्ड्यांतच मेंबरचे आयुष्य संपते.

आता शोध. आपल्याकडच्या अनेक जुन्या गाड्या जीपच्या घराण्यातल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस विलिस जीप भारतात जोडायला सुरुवात केली, आणि पुढे त्याच शिडीसारख्या चेसिसवर नाना प्रकारच्या गाड्या बेतल्या. त्यामुळे अशा घराण्यांत एका गाडीचा भाग दुसरीला चालेल असे वाटते. पण हे सख्ख्या भावांसारखे असते : चेहरा सारखा, सदऱ्याचे माप वेगळे. त्याच नावाच्या गाडीत मधल्या वर्षांत गिअरबॉक्स बदलला असेल तर त्याची लांबी बदलते आणि मेंबरची जागाही पुढेमागे सरकते.

अमरावतीत दोन दिवस फिरलो; मिळाले नाही. तिसऱ्या दिवशी तुटका मेंबर पोत्यात गुंडाळून, बडनेऱ्याहून रेल्वेने मूर्तिजापूरमार्गे अकोला गाठले. जुन्या सामानाच्या एका दुकानदाराने “हाच बसते” असे छातीठोकपणे सांगितले. मी विश्वास ठेवला आणि घेऊन आलो. लांबी बरोबर होती, पण टोकांची भोके चेसिसच्या भोकांपासून दोन सेंटिमीटर बाजूला पडत होती.

येथे मोह होतो तो चेसिसला नवी भोके पाडण्याचा. मिस्त्रीकाकांनी माझा हात धरला. “चेसिसले हात नोको लावू. जे बदलायचं ते मेंबरात बदल.” चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर सर्वांत जास्त ताण येतो, तेथे भोक पाडले किंवा वेल्डिंग केले की चीर तेथूनच सुरू होते. म्हणून आम्ही ६ मिलिमीटर पत्र्याचे दोन ‘कान’ कापले, ते मेंबरच्या टोकांना वेल्ड केले आणि चेसिसच्या मूळच्याच भोकांत बोल्ट घातले. बोल्ट साधे नव्हेत, डोक्यावर ८.८ असा शिक्का असलेले, स्प्रिंग वायसरसह. वेल्डिंग मेंबर गाडीबाहेर काढून केले. गाडीवरच करणे भाग पडले, तर बॅटरीची तार आधी काढावी आणि डिझेलची व ब्रेकची नळी झाकावी. गिअरबॉक्स तोलताना जॅकवर लाकडी फळी ठेवावी, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरू नये.

गाडी चालू झाली. बाबा खूश. पण रस्त्यावर वेग वाढवताच साऱ्या गाडीला थरथर सुटली. क्रॉस मेंबर मजबूत होता, बोल्ट घट्ट होते. मग चुकले कोठे?

उत्तर खोलीत होते. नव्या मेंबरची खोली जुन्याहून २५ मिलिमीटर जास्त होती. म्हणजे गिअरबॉक्सचे शेपूट तेवढे खाली गेले. इंजिनच्या पुढच्या टेकूपासून मागच्या टेकूपर्यंतचे अंतर आमच्या गाडीत सुमारे १ मीटर. दहावीतले त्रिकोणमिती काढून बसलो : १००० मिलिमीटरला २५, म्हणजे सुमारे १.४ अंशांचा फरक. एवढ्याने काय होते? प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. कोनात फिरणारा जॉइंट शाफ्टला एकसारख्या वेगाने फिरवीत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढतो आणि दोनदा घटतो. मागच्या जॉइंटचा कोन पुढच्याएवढाच असेल आणि दोन्ही योक एका रेषेत असतील, तर मागचा जॉइंट ही चढउतार फेडून टाकतो. शेपूट खाली गेल्याने दोन कोन सारखे राहिले नाहीत, आणि न फिटलेली चढउतार थरथर होऊन आमच्या पाठीत आली. तशीच गाडी चालवली असती तर आधी जॉइंट आणि मग गिअरबॉक्सचे बेअरिंग गेले असते.

उपाय सोपा निघाला. लेथवाल्याकडून २५ मिलिमीटर जाडीचा पोलादी ठोकळा भोके पाडून आणला, तो मेंबर आणि नव्या रबरी फाउंडेशनच्या मध्ये बसवला व बोल्ट तेवढे लांब घेतले. सीलही बदलले. थरथर थांबली.

यावरून माझ्यासारख्यांसाठी सांगावेसे वाटते ते इतकेच. सामान शोधायला निघण्यापूर्वी गाडीचे मॉडेल, वर्ष, चेसिस क्रमांक आणि गिअरबॉक्सचा प्रकार लिहून घ्यावा. जुना भाग सोबत न्यावा. नेता येत नसेल तर पुठ्ठ्यावर त्याचा साचा काढावा. लांबी, टोकांच्या भोकांतील अंतर, फाउंडेशनच्या भोकांतील अंतर, बोल्टाची जाडी आणि खोली ही पाच मापे घ्यावीत. सायलेन्सरचा पाइप व हँडब्रेकची तार कोठून जाते तेही पाहावे. आणखी एक गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा फेरफार करता येत नाही. मेंबरला कान जोडणे वेगळे. चेसिस कापून गाडीची लांबी बदलणे वेगळे. शिवाय ८ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. तेव्हा काम असे असावे की तपासणीच्या वेळी झाकावे लागू नये.

परीक्षेचा एक पेपर मला कठीण गेला, हे कबूल करतो. तीन दिवस गाडी उभी राहिल्याने भाडेही बुडाले. पहिल्या दिवशी बाबा रागाने म्हणाले होते, “तुह्या बीएले याचं का काम?” मी काही बोललो नव्हतो. थरथर थांबल्यावर त्यांनी गाडी सडकेच्या कडेला घेतली, माझी मापांची वही मागितली आणि बराच वेळ ती आकृती पाहिली. बाबांना वाचता येत नाही. मग म्हणाले, “हे गाडीतच ठेव. पुढच्या खेपेले लागन.”

वही आजही गाडीच्या पुढच्या कप्प्यात, कागदपत्रांसोबत आहे.